रिद्धपूर : एका गांवाची आणि एका पंथाची हकीकत

एखादा मनुष्य वरकरणी गोड बोलतो आणि आंत कांहीं निराळेंच योजतो असें वाटलें, कीं आपल्या घरांतील वडील मंडळी त्यास 'मानभावी' म्हणून मोकळी होतात. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हणही माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हा मानभाव कोण, तो कोठला, आणि त्याच्या नांवाची अशी शिवी कां झाली, याचा विचार करणारीं घरें थोडीं. 'मानभाव' हा 'महानुभाव' शब्दाचा अपभ्रंश. महानुभाव म्हणजे थोर प्रभावाचा, उदार मनाचा पुरुष. एवढ्या थोर शब्दाची अशी दशा ज्यांच्या वांट्यास आली, त्यांचें आद्य पीठ आपल्या वऱ्हाडांतच, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत आहे. त्या रिद्धपुराची हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोर्शीचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा. काळी कसदार जमीन, कपाशीचीं शेतें आणि संत्र्यांचे मळे, हें त्याचें रूप. गाविलगडासारखा किल्ला किंवा चिखलदऱ्यासारखी थंड हवा रिद्धपुरास नाहीं. प्रवाशाची दृष्टि खिळून राहावी असें भव्य देवालयही त्याची खूण नव्हे. तेथें आहेत ते मठ आणि ओटे. अमुक ठिकाणीं प्रभु बसले, अमुक ठिकाणीं जेवले, अमुक ठिकाणीं खेळले, अशी प्रत्येक ओट्यास एकेक आठवण जोडलेली आहे. त्या ओट्यांसच पंथाचे लोक 'स्थानें' म्हणतात व तेथें माथा टेकतात. सारा गांवच एका चरित्रग्रंथाप्रमाणें वाचावा, अशी ही रचना आहे.

तें चरित्र श्रीगोविंदप्रभूंचें. बाराव्या शतकाच्या अखेरीस काण्व ब्राह्मणाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. आईबाप लहानपणींच निवर्तले व आप्तांनीं त्यांस रिद्धपुरास आणून वाढविलें. लोक त्यांस गुंडम राऊळ म्हणत. त्यांचें वागणें जगावेगळें होतें. मनास येईल त्या घरांत शिरावें, हवा तो पदार्थ मागून खावा, मुलांत मूल होऊन खेळावें, क्षणांत रुसावें आणि क्षणांत हंसावें. कित्येक त्यांस वेडे समजत. पण त्याच गांवांतील लोक त्यांस आपली माय आणि आपला बापही म्हणत. मांग-महारांच्या घरीं ते जात आणि तसेच दीक्षित ब्राह्मणांच्या घरींही जात. यामुळें गांवांत तक्रारी झाल्या. पण प्रभूंचा क्रम बदलला नाहीं. सातशें वर्षांपूर्वींच्या वऱ्हाडांत ही गोष्ट केवढी धाडसाची होती, हें निराळें सांगावयास नको.

याच गांवीं श्रीचक्रधर आले. ते मूळचे गुजराथेंतील राजपुत्र, रामटेकच्या यात्रेस म्हणून निघालेले, आणि वाटेंत रिद्धपुरीं गोविंदप्रभूंच्या भेटीनें त्यांच्या आयुष्याचा ओघच पालटला, असें पंथ सांगतो. पुढें त्यांनीं अचलपूर, मेहकर, लोणार, पैठण असा महाराष्ट्र पायीं पालथा घातला. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणि, गोविंदप्रभु आणि चक्रधर या पंचकृष्णांवांचून अन्य देवतेची उपासना त्यांच्या अनुयायांस मान्य नाहीं. अहिंसा कडक पाळावी, भिक्षा मागून राहावें, जातीचा अभिमान टाकावा, हा त्यांचा आचारधर्म. स्त्रियांसही त्यांनीं संन्यासाचा अधिकार दिला. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हां, शरीराच्या इतर स्रावांसारखाच तोही एक देहधर्म आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. हें उत्तर आजही कित्येक सुशिक्षित घरांच्या पचनीं पूर्णपणें पडलेलें नाहीं, असें आम्हांस नम्रपणें नमूद करावेंसें वाटतें.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनीं उत्तरापंथें प्रयाण केलें. पोरका झालेला शिष्यसमुदाय नागदेवाचार्यांसह रिद्धपुरीं गोविंदप्रभूंच्या सेवेस येऊन राहिला, आणि तेथेंच मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतील एक अपूर्व उद्योग सुरू झाला. म्हाइंभट नांवाचे एक मोठे शास्त्री या मंडळींत होते. एके काळीं ते विद्येच्या तोऱ्यांत चक्रधरांशीं वाद घालावयास गेले होते. आतां त्याच पंडितानें सद्गुरूंच्या आठवणी गोळा करण्याचें व्रत घेतलें. ज्यानें जें पाहिलें व ऐकलें, तें त्याच्याकडे स्वतः जाऊन विचारावें, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावें, आणि मग लिहावें, अशी त्यांची पद्धति. या परिश्रमांतून इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झालें. तो मराठींतील आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. ज्ञानेश्वरीही त्याहून कांहीं वर्षांनीं मागाहूनची. पुढें गोविंदप्रभूंचें चरित्रही म्हाइंभटांनींच लिहिलें. कोणी काय रांधलें, कोणास राग आला, कोण लाजला, अशा बारीकसारीक गोष्टींनीं भरलेल्या या ग्रंथांतून त्या वेळचीं घरें आजही बोलतांना ऐकूं येतात.

या मंडळींत नागदेवाचार्यांची चुलत बहीण महदाइसा होती. बालपणींच वैधव्य आलेली ही बाई बुद्धीनें तीक्ष्ण आणि प्रश्न विचारण्यांत निर्भय होती. गोविंदप्रभूंस एकदां स्वतःच्या लग्नाचा खेळ मांडण्याची लहर आली, तेव्हां तिनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' रचून गाइले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचें नांव घेतात. विधवेस मंगलकार्यांत पुढें येऊं न देणाऱ्या समाजांत, एका विधवेनेंच लग्नाचीं गाणीं गाऊन मराठी कवितेचा आरंभ करावा, हा योग विचार करण्यासारखा आहे.

भाषेविषयींही रिद्धपुरच्या मंडळींचा निश्चय पक्का होता. केशोबास हे संस्कृताचे जाणते. 'सूत्रपाठ' व ११४ दृष्टांतांचा 'दृष्टांतपाठ' त्यांनींच सिद्ध केला. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट त्यांतच मराठींत आली आहे. परंतु संस्कृताकडे कल दिसूं लागतांच, आपल्याजवळच्या साध्या म्हाताऱ्या बायका यामुळें ज्ञानास मुकतील, असें सांगून नागदेवाचार्यांनीं मराठीचाच आग्रह धरिला. धर्माची भाषा कोणती असावी, याचा निर्णय येथें पंडितांच्या सोयीनें न होतां म्हाताऱ्यांच्या सोयीनें झाला.

मग असा पंथ लोकांच्या नजरेंतून उतरला कसा? वैदिक कर्मकांड, इतर देवता आणि जातिभेद यांस न जुमानणाऱ्या, काळीं वस्त्रें नेसणाऱ्या या लोकांविषयीं समाजांत अढी बसली. पंथानेंही आपलीं दारें आंतून लावून घेतलीं. चौदाव्या शतकापासून त्यांनीं आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेली ती मराठी बाहेरच्यास वाचतां येईना. ग्रंथ सुरक्षित राहिले हें खरें. पण महाराष्ट्राच्या दृष्टीनें ते नाहींसेच झाले. बाहेर संशय वाढला, आंत गुप्तता वाढली, आणि एकीनें दुसरीस पोसलें.

अशी गोष्ट जगांत केवळ आपल्याकडेच घडली असें नाहीं. लेबनॉनच्या पहाडांत मॅरोनाइट नांवाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. कदीशा नदीच्या खोल दरीच्या आश्रयानें त्यानें आपले मठ व आपली सुरियानी उपासना शतकानुशतकें टिकविली. बोलण्यांत अरबी रुळल्यावरही हे लोक ती अरबी सुरियानी अक्षरांत लिहीत. परंतु तेथील कुझहय्या मठांत १६१० सालीं छापखान्यावर स्तोत्रांचा ग्रंथ निघाला. त्याच दरीच्या माथ्यावरील बशरी गांवीं १८८३ सालीं खलील जिब्रान जन्मले. त्यांच्या रूपककथा वि. स. खांडेकरांनीं मराठींत आणल्या, हें वाचकांस ठाऊक असेलच. निराळ्या लिपीचा आसरा घेणारे असे समाज अनेक. त्यांच्या पोथ्या जगापुढें केव्हां येतात, हाच कायतो प्रश्न.

रिद्धपुरच्या पोथ्या जगापुढें यावयास विसावें शतक उजाडलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचें कोडें उलगडलें. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध केलें. नागपुरास हरि नारायण नेने यांनीं व पुढें बुलढाणा जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं या ग्रंथांच्या संपादनांत आयुष्याचीं वर्षें वेंचलीं; कोलत्यांचें 'लीळाचरित्र' १९७८ सालीं निघालें. या कामीं वऱ्हाड-नागपूरच्या विद्वानांचा वांटा मोठा आहे. मठांतील ज्या महंतांनीं विश्वास ठेवून पोथ्या बाहेर काढल्या, त्यांचा वांटाही लहान नव्हे.

पंथ जेथें गेला तेथें मराठी गेली, हें तर विशेषच. पंजाबांत, पेशावरांत आणि काबूलपर्यंत महानुभावांचे मठ होते. 'जयकृष्णी' या नांवानें तिकडे ओळखल्या जाणाऱ्या या पंथांत, घरीं पंजाबी बोलणारा शिष्यही शास्त्र शिके तें मराठींतच. रिद्धपुरास यात्रेकरूंची गर्दी होते तेव्हां आजही परप्रांतींची माणसें तेथें भेटतात. 'दंडवत प्रणाम' म्हणून परस्परांस अभिवादन करितात. भिक्षुक, भिक्षुणी आणि संसारी शिष्य एकाच स्थानापुढें नमतात. राज्य शासनानेंही या गांवाचें ऋण ओळखून तेथें मराठी भाषा विद्यापीठ स्थापिलें, व २०२४ सालीं त्यास पहिले कुलगुरु लाभले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

विद्यापीठ शासन काढील. पण घराघरांतील भाषा शासनास बदलतां येत नाहीं. म्हाइंभट, केशोबास, महदाइसा हीं माणसें आपल्यासारख्याच शास्त्री-पंडितांच्या घरांतून निघालेलीं होतीं, आणि आपल्याच समाजानें त्यांच्या नांवाचा अपशब्द केला. ज्यांनीं आपल्या भाषेस पहिलें गद्य दिलें, त्यांच्याच नांवानें ढोंग्यास संबोधावें, हा कृतघ्नपणा नकळत घडला असला तरी आतां तो कळून चालूं राहूं नये. अकोला-अमरावतीकडील आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे : सुट्टींत मुलाबाळांसह एकदां रिद्धपुरास जाऊन यावें, स्थानें पाहावीं, आणि लीळाचरित्रांतील चार लीळा घरांत मोठ्यानें वाचाव्या. मग 'मानभावी' हा शब्द ओठांवर येतांना जीभ आपोआप थांबेल, असा आम्हांस भरंवसा वाटतो.