झोप येते व्हाया मान!

आपली नाइट शिफ्ट म्हणजे एसी, मशीनची कॉफी आणि घरापर्यंत सोडणारी कॅब. पेठ वडगावात माझ्या मामांची नाइट शिफ्ट म्हणजे बॅटरी, काठी आणि चिखल. शेतीपंपाची वीज कित्येक वर्षं पाळीने येत आलीय. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उसात दारं धरायला जायचं. ‘मामा, मग झोपता कधी?’ तर म्हणाले, ‘येती की झोप, सकाळी अकराला. नेमकं तवाच पावणं येत्यात!’

यात दोष मामांचा नाही, वायरिंगचा आहे. मेलाटोनिन हे रात्रीचं हार्मोन. येल विद्यापीठात आरोन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून वेगळं काढलं. ही इवलीशी ग्रंथी मेंदूच्या मधोमध बसलेली. गंमत म्हणजे तिला अंधार पडल्याचं थेट कळत नाही. डोळ्यांच्या पडद्यातल्या खास पेशी उजेड मोजतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मुख्य घड्याळाला कळवतात. घड्याळ ते पिनिअल हे अंतर काही सेंटिमीटरचं. पण निरोप सरळ जाईल तर शपथ! तो पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत उतरतो, बाहेर पडून मानेतल्या मज्जागाठीत येतो आणि तिथून पुन्हा वर चढतो. वडगावहून हातकणंगल्याला व्हाया कोल्हापूर जाण्यातला प्रकार!

रात्री या नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन पाझरतं, ग्रंथीतलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि सिरोटोनिनचं मेलाटोनिन होऊ लागतं. प्रखर उजेड दिसला की घड्याळ हा निरोपच अडवतं, प्रॉडक्शन झटपट खाली! म्हणूनच मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांमध्ये मेलाटोनिनची रात्रीची वाढ होत नाही. बीपीच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनीही ते कमी होऊ शकतं. (म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, प्लीज.)

आता तुलना करा. ट्यूबलाइटखाली बसलेल्या आपलं मेलाटोनिन दबतं. मामांच्या बॅटरीचा झोत जमिनीवर, बाकी काळोख. त्यांचं शरीर ‘झोप’ म्हणत असतं आणि ते सरीतून चालत असतात. मला तरी दुसरं जास्त धोक्याचं वाटतं. निसरड्या बांधावर डुलकी परवडत नाही. आपल्यासाठीही बातमी बरी नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. मेलाटोनिन हे त्यामागचं एक संशयित कारण. पण आपल्याला निदान घरी जाऊन जाड पडदे ओढता येतात. वडगावात दिवसा दार लावून झोपलं की शेजारी विचारतात, तब्येत बरी नाही का?

२०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरण्याला बसले, मागणी होती दिवसा दहा तास विजेची. २०२३ मध्ये सरकारने सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला, दिवसा वीज द्यायची म्हणूनच.