गळीत हंगाम संपला की

पोर्ट लुई : मॉरिशसच्या दक्षिणेला, उसाच्या फडांच्या मधोमध, ला बराकचं वीजकेंद्र आहे. शेजारीच साखर कारखाना. 2007 साली सुरू झालेल्या या केंद्राच्या बॉयलरमध्ये गळिताच्या दिवसांत, म्हणजे साधारण जुलै ते डिसेंबर, उसाचं चिपाड जळतं. हंगाम आटोपला, चिपाडाचा ढीग सरला की त्याच बॉयलरच्या तोंडी जहाजाने आलेला कोळसा लागतो. चिमणी तीच, तारा त्याच. तीच वीज काही महिने हिरवी असते आणि काही महिने काळी.

या देशाने 2021 साली जगाला मोठा शब्द दिला. नेहमीच्या चालीने 2030 मध्ये जेवढे हरितगृह वायू बाहेर पडले असते, त्यात 40 टक्के घट करायची, 60 टक्के वीज अक्षय स्रोतांतून काढायची आणि कोळसा बंद करायचा. खर्चाचा अंदाज साडेसहा अब्ज डॉलर. त्यातला मोठा भाग बाहेरून मिळेल ही अपेक्षा. जगाच्या उत्सर्जनात मॉरिशसचा वाटा मात्र 0.01 टक्क्याच्या घरातला. उद्या सगळं बेट अंधारात बसलं तरी आभाळाला पत्ता लागायचा नाही. मग हा खटाटोप कशाला? एक उत्तर जानेवारी 2024 मध्ये राजधानीच्या रस्त्यांवरच मिळालं. ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या पावसात पोर्ट लुईमधल्या मोटारी कागदी होड्यांसारख्या तरंगत गेल्या. दुसरं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. इथे ना कोळशाची खाण, ना तेलाची विहीर. सगळं परकीय चलन मोजून आणावं लागतं.

हैदराबादच्या वाचकाला या देशाचा आवाका चटकन कळेल. हैदराबादभोवतीचा बाह्य वळण रस्ता 158 किलोमीटरचा आणि मॉरिशसच्या मुख्य बेटाचा किनारा 177. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. विजेची सर्वोच्च मागणी पाचशे मेगावॅटच्या आगेमागे, म्हणजे नलगोंडा जिल्ह्यातल्या यादाद्री केंद्राच्या 800 मेगावॅटच्या एका संचापेक्षाही कमी. एवढ्याशा मागणीसाठी सौर पट्ट्या अंथरल्या की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे.

पण घोडं अडतं ते समुद्रापाशी. हैदराबादवर ढग आले तर वीज दुसऱ्या राज्यातून येते. 2013 च्या अखेरीस दक्षिणेचं जाळं देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. मॉरिशसला अशी शेजाऱ्याची तार नाही. ढगाची सावली सौर प्रकल्पावरून सरकली की तेवढी वीज त्याच मिनिटाला दुसरीकडून उभी करावी लागते, म्हणून बॅटऱ्यांचे साठे उभारणं आलं. पवनचक्क्यांना चक्रीवादळाचं भय. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर त्यावर नामी तोडगा निघाला: तिथल्या काही पवनचक्क्या वादळाची वर्दी आली की खांबासकट जमिनीवर आडव्या निजवतात. मुख्य बेटावरच्या टॅमरिंड फॉल्सच्या 8 मेगावॅट सौर प्रकल्पाला भारताने हात दिला. त्याची घोषणा जानेवारी 2022 मध्ये झाली, तेव्हा वर्षाकाठी 13 हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, असा हिशेब मांडला गेला. चांगलंच आहे, पण 60 टक्क्यांची मजल असल्या तुकड्यातुकड्यांनी गाठायची तर असे बरेच तुकडे लागतील.

खरी गोम उसात आहे. इथे 1957 मध्ये सेंट अँटॉन कारखान्याने चिपाडावरची जादा वीज सार्वजनिक तारांत सोडली. महाराष्ट्रातले सहकारी कारखाने ‘सहवीजनिर्मिती’ हा शब्द शिकले त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे या बाबतीत मॉरिशस गुरू. पण गुरूच्या घरीच ऊस आटतो आहे. युरोपने 1975 च्या करारान्वये चढ्या भावाने साखर घेण्याची हमी दिली होती. 2006 पासून तो भाव 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2009 मध्ये करारच संपला. एकेकाळी सहा-सात लाख टन साखर काढणारं बेट आता अडीच लाखांच्या आसपास आलं. उसाखालची जमीन जवळपास निम्म्यावर आली. छोट्या शेतकऱ्यांची मुलं कचेरीत, हॉटेलात गेली आणि कित्येक फड पडीक राहिले. ऊस गेला की चिपाड गेलं, चिपाड गेलं की कोळशाचे महिने वाढले. त्यामुळेच अक्षय विजेचा वाटा 2030 च्या दिशेने चढण्याऐवजी घसरला. 2019 मध्ये तो पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त होता, 2023 मध्ये कमी. उरलेली वीज कोळसा आणि जड तेल यांची.

बोधनची निजाम शुगर फॅक्टरी ज्यांना आठवते, त्यांना हे नव्याने सांगायला नको. नांदेड जिल्ह्याच्या वेशीवरचा हा कारखाना एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाई. 2015 च्या अखेरीस तो बंद पडला.

मॉरिशस सरकारला हे उशिरा का होईना उमगलं. 2021-22 च्या अंदाजपत्रकात चिपाडापोटी शेतकऱ्याला साखरेच्या टनामागे 3,300 मॉरिशस रुपये देण्याचं ठरलं. या सगळ्या आराखड्यांत हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. घोषणांच्या गर्दीत तिची चर्चा मात्र कमी. दुसरी वाट शेजारच्या रियुनियन बेटाने दाखवली आहे. तिथल्या अशाच केंद्रांनी 2023-24 मध्ये कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळायला सुरुवात केली. पण त्या गोळ्या उत्तर अमेरिकेहून जहाजाने येतात आणि रियुनियनच्या पाठीशी फ्रान्सची तिजोरी आहे.

धूर फक्त विजेचा नाही. मॉरिशसच्या रस्त्यांवर सहा लाखांहून जास्त नोंदलेली वाहनं, म्हणजे दोन माणसांमागे जवळजवळ एक. इथे 1864 साली रेल्वे आली होती. शंभर वर्षांनी, 1964 मध्ये ती मोडीत काढली. आता पोर्ट लुई ते क्युरपीप 26 किलोमीटरची मेट्रो धावते, भारताच्या मदतीने आणि लार्सन अँड टुब्रोच्या हातून. हैदराबादची मेट्रोही याच कंपनीने बांधली, त्यामुळे अमीरपेटचा प्रवासी रोझ हिलच्या फलाटावर परका वाटत नाही. वर्षाला तेरा लाखांच्या आसपास पर्यटक विमानाने उतरतात, देशाच्या लोकसंख्येएवढे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर मात्र जागतिक नियमानुसार कुठल्याच देशाच्या खात्यावर चढत नाही. बेटाच्या दृष्टीने सोयीचा नियम.

कोकणातून मजूर म्हणून आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज इथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तेलुगू समाजाच्या उगादीलाही सुट्टी, म्हणजे मराठी घरांना पाडवा आपसूकच मोकळा. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन गळितात. आरासीच्या माळांमध्ये तेव्हा थोडी तरी चिपाडाची वीज असते. पाडवा-उगादी येतात मार्च-एप्रिलमध्ये. फडात तेव्हा ऊस वाढत असतो, कारखाना बंद असतो आणि ला बराकच्या बॉयलरमध्ये कोळसा पडत असतो.