'स्मोंग' म्हणताच डोंगर गाठायचा

समुद्र मागे हटला की पोरांना केवढा आनंद! उघड्या पडलेल्या वाळूत मासे तडफडत असतात, शिंपल्यांचा खच असतो. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी हिंदी महासागराच्या कितीतरी किनाऱ्यांवर लोक ही गंमत पाहायला पुढे गेले, ते परतलेच नाहीत.

सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचे बेट आहे. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळचे. त्याच्या उत्तर टोकावरील लांगी गावात पहिली लाट दहाएक मिनिटांत येऊन थडकली. एवढ्या वेळात कुठले सरकार दवंडी पिटणार? शिवाय हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. तरीही लांगीतले सुमारे आठशे लोक वाचले, सगळेच्या सगळे. अख्ख्या बेटाची वस्ती पाऊण लाखाच्या वर, आणि दगावले सात जण!

याचे गुपित एका शब्दात होते: 'स्मोंग'. १९०७ साली तिथे अशीच लाट येऊन गेली होती. त्यातून वाचलेल्यांनी मुलानातवंडांना बजावले, त्यांनी पुढच्यांना: जमीन जोरात हलली आणि समुद्र ओसरला, की काही घ्यायला थांबू नका, डोंगर गाठा. त्या सकाळी 'स्मोंग, स्मोंग' अशी हाकाटी झाली. पुढचे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

माझी उमर बँकेत गेली. आग लागल्यास काय करावे, याची छापील पाटी भिंतीवर काचेआड टांगलेली असे. ती वाचताना मी कुणालाही पाहिले नाही. आजीने सांगितलेली गोष्ट मात्र अंगात मुरते. आम्हा कादंबरीवाल्यांना हेवा वाटावा असेच हे.

आता हैदराबादेत २००७ पासून इशारा केंद्र आहे, आणि ते हवेच. आपल्या पश्चिम किनाऱ्याला तर त्याचा मोठाच उपयोग, कारण मकरानकडून निघालेली लाट मुंबईला यायला काही तास घेते. पण इशारा मिळाल्यावर घर सोडायचे असते ते माणसांनीच. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याच सकाळी लाटा मुंबईत पोहोचल्या. माणसे वाहून गेली. माझ्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलेली ही घटना. पण आमच्या घरात तिचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. मला ती कळली ती पुस्तकातून, तीही निवृत्तीनंतर.