फास्ट म्हणजे तेज नव्हे, पक्का

बदलापूर फास्टने रोज ये-जा करणाऱ्याला 'फास्ट'चा अर्थ सांगावा लागत नाही. फास्ट म्हणजे जलद; मग कल्याणनंतर ती विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी प्रत्येक स्टेशनावर का थांबेना! पण हाच शब्द कापडाच्या ऑर्डरीत आला की अर्थ बदलतो, आणि तिथे चुकले तर पदरचे पैसे जातात.

आमचेच उदाहरण सांगतो. आमची तालीम उर्दू शाळेतली. १९९६ साली एका रशियन व्यापाऱ्याने आमच्याकडे सुती कापडाची ऑर्डर दिली. इंग्रजी कागदावर 'फास्ट रेड' असे होते. आम्ही फास्टचे 'तेज' केले, आणि तेज रंग म्हणजे भडक रंग. त्याच्या दुभाष्याने 'बीस्त्री', म्हणजे जलद, असा अर्थ लावला आणि माल लवकर द्या म्हणून घाई केली. माल तपासायला आलेल्या व्यापाऱ्याने ओला पांढरा रुमाल कापडावर घासला. रुमाल लाल झाला. माल आमच्याच गोदामात राहिला. त्याला पक्का रंग हवा होता. रशियनमध्ये अशा रंगाला 'प्रोच्नी' म्हणतात.

या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच घट्ट, पक्का असा आहे. जलद हा अर्थ मागाहून आला. गाढ झोपलेल्यालाही इंग्रजीत 'फास्ट अस्लीप' म्हणतात. रोजाला 'फास्ट' म्हणतात तेही त्याच मुळातून, स्वतःला घट्ट आवरून धरणे या अर्थाने.

व्यापारी बंधूंनी आणखी एक ध्यानात ठेवावे. धुण्यात टिकणारा रंग उन्हात टिकेलच असे नाही. धुणे, घासणे व घाम यांना रंग किती टिकतो, हे १ ते ५ अंकांत मोजतात; उजेडासाठी १ ते ८. अंक जितका मोठा, तितका रंग पक्का. आपल्या उल्हासनगरच्या जीन्सचे मात्र उलट आहे. तिचा निळा रंग सुताच्या आतपर्यंत जात नाही, म्हणून धुता धुता विटतो, आणि गिऱ्हाइकाला तेच आवडते.

तेव्हा ऑर्डर घेताना नुसते 'फास्ट' लिहून घेऊ नये. रंग कशात पक्का हवा आणि किती अंकांचा, हे विचारावे. नमुन्यावर ओला पांढरा कपडा घासून दाखवावा व त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. विचारण्यात कमीपणा नाही; आम्ही विचारले नाही, म्हणून नुकसान सोसले.