मोहफुलांच्या दिवसांतलं आभाळ

मार्च ते मे या काळात चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस किती पडेल, असं कोणी फारसं विचारत नाही. किती वाजता पडेल, ते विचारतात. पहाटे पडला तर मोहफूल भिजलं, दुपारी पडला तर अंगणातलं वाळवण गेलं, आणि तेंदूच्या हंगामात गारा झाल्या तर पानाला भोकं. भोक पडलेलं पान विडीच्या कामाचं नसतं. मृगाकडे डोळे लावून बसणारा हाच मुलूख चैत्रातल्या ढगाला मात्र शिव्या घालतो.

कुरखेडा तालुक्यात मोह वेचणाऱ्यांबरोबर मी पहाटे निघायचो. फूल रात्रीतून सुटू लागतं आणि ऊन चढेपर्यंत टपटपत राहतं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडलेला किंवा जाळलेला असतो, म्हणजे पिवळट फुलं लगेच नजरेत भरतात. टोपली भरता भरता वेचणाऱ्या एका मावशींनी वर पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "आभार भरला का फूल कमी झडते जी." या झाडीपट्टीत आभाळाला आभारच म्हणतात. आदल्या रात्री ढग होते आणि त्या दिवशी टोपली अर्धीच भरली, एवढं मी पाहिलं.

पहाटेच्या आभाळात पाहायचं काय? अगदी उंचावर पांढरे विरळ धागे असतील तर ते तंतुमेघ. बर्फाच्या कणांचे ढग; त्यांच्यापासून त्या दिवशी वाळवणाला धोका नसतो. सकाळी आठ-नऊलाच मधल्या उंचीवर सपाट बुडाचे आणि वर छोटे बुरूज उगवलेले ढग दिसले, तर मात्र दिवस सरळ जाणार नाही असं धरावं. जमीन अजून तापलेली नसताना वरची हवा अस्थिर झाली आहे, असा त्याचा अर्थ. दुपारच्या उन्हाची तिला जोड मिळाली की चार वाजेपर्यंत गडगडाट होण्याची शक्यता बरीच वाढते.

अकरानंतर उगवणारे कापसासारखे राशिमेघ रोजचेच. उंचीपेक्षा रुंदी जास्त असली, बूड सपाट आणि माथा दबलेला असला, तर ते संध्याकाळी विरून जातात. रुंदीपेक्षा उंची वाढू लागली की मोहफुलं गोळा करायला घ्यावीत. पुढे तासाभरात माथ्याच्या कडा धूसर होतात, माथा वर जाऊन आडवा पसरतो. हा गर्जन्मेघ. त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर जाऊ शकतो.

या ढगांना पाणी पुरवतो तो बंगालचा उपसागर. तिकडून येणारे दमट वारे आणि वायव्येकडचे कोरडे, तापलेले वारे विदर्भ-छत्तीसगडच्या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. विदर्भापासून दक्षिणेकडे उतरणारी द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हवामान खात्याच्या पत्रकांत या दिवसांत वारंवार दिसते ती यामुळेच. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा ढगाचं बूड बरंच उंच असतं आणि खालची हवा कोरडी. पडणारं पाणी वाटेतच सुकतं, हवा थंड होऊन जड होते आणि खाली कोसळते. म्हणून उन्हाळ्यात आधी वावधान सुटतं, कौलं उडतात, आणि पाऊस चार थेंबांचा. गारांचा धोका मार्च-एप्रिलमध्ये अधिक, कारण गोठणपातळी तेव्हा खाली असते आणि गार वितळायला अंतर कमी मिळतं.

नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, डॉप्लर रडारही आहे. पिवळा, नारिंगी इशारा जिल्ह्यासाठी येतो. पण गडचिरोली जिल्हा उत्तरेला कोरचीपासून दक्षिणेला सिरोंचापर्यंत लांबच लांब पसरलेला. कोरचीत गारा पडत असताना सिरोंच्यात लाही-लाही चालू असू शकते. रडारचा किरणही सरळ जातो, पृथ्वी मात्र वाकत जाते. दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून चारेक किलोमीटर वर गेलेला असतो, म्हणजे दूरच्या ढगाचा खालचा भाग त्याला दिसतच नाही. तेवढ्यापुरता तरी डोळा यंत्राहून बरा. विजेच्या बाबतीत मात्र मी डोळ्यावर विसंबणार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. पण भामरागड, एटापल्लीच्या कित्येक गावांत मोबाईलला रेंज मिळत नाही. तिथे कानावरच भागवावं लागतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावेत, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. वेचणारा नेमका कुठे असतो? बांधावर एकट्या उभ्या असलेल्या उंच मोहाखाली. वीज पडायला याहून सोयीची जागा नाही.

मी वाचलेल्या कृषी-हवामान सल्ल्यांत उन्हाळी धान होतं, भाजीपाला होता, आंबा होता. मोहफूल आणि तेंदू नव्हते. ज्या घरांचा वर्षाचा रोख पैसा या दोन हंगामांतून येतो, त्यांच्यासाठी मार्च ते मे दोन ओळी वाढवायला फार खर्च येऊ नये: पहाटे ढग असतील का, आणि वाळवण किती वाजेपर्यंत उचलायचं. या ओळी ग्रामसभेच्या फळ्यावर आणि तेंदू संकलन केंद्रावर रोज सकाळी लिहिल्या जाव्यात, एवढी मागणी जिल्हा प्रशासनाने मनावर घ्यावी.