विषाद, अगतिकता आणि सत्त्वावजय
मानसशास्त्रातील दोन प्राथमिक संकल्पनांचा चिकित्सालयीन विचार

वाशिम जिल्ह्यातील चिकित्सालयांत मनाची तक्रार म्हणून तक्रार घेऊन येणारा रुग्ण क्वचितच आढळतो. तो येतो अनिद्रा, अग्निमांद्य, शिरःशूल नि अंगमर्द घेऊन. "जीव घाबरल्यावानी होते" एवढे सांगतो आणि ताकदीचे औषध मागतो. सोयाबीन घरी येताच भाव पडलेला असतो, किंवा काढणीच्या ऐन वेळी परतीच्या पावसाने गंजी भिजलेली असते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिले, त्यांत वाशिमचाही समावेश होता. म्हणूनच मानसशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांतील दोन संकल्पना वैद्यांनी, आणि औषधी दुकानदारांनीही, समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली संकल्पना रिचर्ड लॅझारस यांची. त्यांच्या मते ताण केवळ घटनेत नसतो. मन घटनेचा जो हिशेब मांडते त्यात तो असतो. हे संकट माझ्यावर आहे काय, आणि त्यास तोंड देण्याचे साधन मजजवळ आहे काय, असे हे दोन प्रश्न. एकाच गारपिटीत सापडलेल्या दोन भावांपैकी एक दुबार पेरणीच्या तयारीस लागतो व दुसरा अंथरूण धरतो, त्याचे एक कारण येथे सापडते. चरकाचार्यांनी ऊह व विचार ही मनाची कर्मे सांगितली आहेत, त्यांची येथे आठवण होते. तथापि दोन्ही गोष्टी एकच होत, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो.

दुसरी संकल्पना अगतिकतेची, आणि ती आमच्या दृष्टीने अधिक मोलाची. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना काहीही केले तरी विजेचा धक्का टाळता येत नव्हता, त्यांतील बरेचसे कुत्रे पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही जागीच पडून राहिले. अगतिकता शिकली जाते, असा सिद्धांत त्यावरून रूढ झाला. परंतु २०१६ साली याच दोघांनी मेंदूविषयक नव्या संशोधनाच्या आधारे तो उलटा केला. दीर्घ संकटात निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया असून, 'माझ्या कृतीने काही बदलते' हा अनुभव मात्र शिकावा लागतो, असे त्यांचे आताचे मत आहे.

चिकित्सेच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. विषण्ण रुग्णास आपण सहजच "धीर धरा, विचार करू नका" असे सांगून मोकळे होतो. मानस दोषांच्या शमनार्थ चरकसंहितेत धैर्याचा उल्लेख आहे हे खरे. पण ते उपदेशाने येत नाही. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. रिकाम्या बसलेल्या माणसाला तो निग्रह साधत नाही, त्यास काही करावयास द्यावे लागते. पहाटे ठरल्या वेळी उठणे, गोठ्याचे एक काम स्वतः करणे, बँकेचा कागद घरातल्या एकास दाखविणे, अशी त्याच्या हातची छोटी कामे नेमून द्यावीत आणि आठ दिवसांनी त्यांचीच विचारपूस करावी. रुग्ण प्रवरसत्त्व, मध्यमसत्त्व की अवरसत्त्व, हे पाहून कामाची मात्रा ठरवावी.

अशी साधी मदत खेड्यात पोहोचू शकते, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसून आले आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात प्रशिक्षित गावकऱ्यांनी समुपदेशन केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

मेध्य रसायनांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु झोपेसाठी वारंवार औषध मागणारे गिऱ्हाईक प्रथम दुकानाच्या गल्ल्यावरच दिसते. त्यास नुसती अश्वगंधाची डबी देऊन वाटेला लावू नये. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते काय, कशातच रस वाटेनासा झाला काय, हे दोन प्रश्न दुकानदारासही विचारता येतात. उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याने, जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत निराधार आहे. तसे असल्यास रुग्णास एकटे न सोडता, नातलगांना बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि घरातील फवारणीची औषधे कुलपात किंवा अन्यत्र ठेवण्यास सांगावे. २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळक लावावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.