बैठे काम आणि संयुक्त व्यायाम

दिवसाचा बहुतेक वेळ बसून काम करणाऱ्या व्यक्तींनी दमसास वाढविणारे व आणि स्नायूंचे बळ वाढविणारे असे दोन्ही प्रकारचे व्यायाम केल्यास त्यांच्या प्रकृतीवर जे परिणाम होतात त्यांचा विचार येथे केला आहे. भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारख्या व्यायामांत मोठे स्नायुगट बराच वेळ लयबद्ध रीतीने हालतात व लागणारी ऊर्जा मुख्यत्वे ऑक्सिजनाच्या साहाय्याने मिळते. म्हणून त्यांस ऑक्सिजीवी व्यायाम असे म्हणतात. जोर, बैठका, वजने उचलणे यांत स्नायू थोडा वेळ मोठ्या रोधाविरुद्ध आकुंचन पावतात. त्यांस रोध व्यायाम असे नाव आहे.

श्रम आणि बैठे काम यांची फारकत नवी मुंबईतील तुर्भे येथे सहज पाहावयास मिळते. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी–तुर्भे परिसरात हलविण्यात आले. तेथे पोती वाहणारे माथाडी कामगार आणि गाळ्यात बसून हिशेब लिहिणारे दिवाणजी यांच्यात काही हातांचेच अंतर असते. लगतच्या ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात यंत्रावर उभे राहणाऱ्या कामगारांच्या जोडीला संगणकासमोर आठ-नऊ तास बसणारा मोठा वर्ग आला आहे.

अशा फारकतीचे आरोग्यावरील परिणाम प्रथम लंडनमध्ये मोजले गेले. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दुमजली बसगाड्यांचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांत हृद्‌रोहिणीविकार अधिक आढळला. पुढे गणवेशांच्या मापांवरून असे दिसले की, चालकांची कंबर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक रुंद असे. त्यामुळे सर्व दोष खुर्चीला देता येत नाही. तथापि नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ निष्कर्षास पुष्टी दिली. भारतातील पुरावाही जुना आहे. झां मायर व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधील ताग गिरणीतील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत अगदी बैठे काम करणारे हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक अन्न खात व त्यांचे वजनही अधिक असे आढळले. म्हणजे हालचाल फार कमी झाली की भूकही त्या मानाने कमी होते, हा समज खरा नाही.

मात्र केवळ वजनकाट्यावर विसंबणे भारतीयांच्या बाबतीत फसवे ठरते. पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले : उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या देहात मेद अधिक व स्नायू कमी, ही स्थिती भारतीयांत वारंवार आढळते. जेवणानंतर रक्तात आलेले ग्लुकोज इन्शुलिनाच्या प्रभावाखाली मोठ्या प्रमाणात स्नायूंत शोषले जाते. स्नायू मुळात कमी आणि तेही निश्चल असतील, तर ही साठवण अपुरी पडते [⟶ मधुमेह]. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनाखेरीजही ग्लुकोज ओढून घेतो, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

दोन्ही व्यायामांचे कार्य भिन्न आहे. ऑक्सिजीवी व्यायामाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त वाढते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते व रक्तदाब उतरतो. परंतु स्नायूंचे आकारमान व बळ फारसे वाढत नाही. ती उणीव रोध व्यायाम भरून काढतो. तिशीनंतर हळूहळू होणारी स्नायूंची झीज त्यामुळे मंदावते आणि अस्थींवर ताण येऊन त्यांची घनता टिकण्यास मदत होते. वजने उचलणे हे पहिलवानांचेच काम होय, हा समज, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, अजून जात नाही. त्यास आधार नाही.

दोहोंच्या मिश्रणाचा लाभ मधुमेही रुग्णांत कसोशीने तपासला गेला आहे. कॅनडातील २५१ रुग्णांवरील प्रयोगात (२००७) दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटाच्या रक्तशर्करेवर सर्वाधिक नियंत्रण आले. परंतु त्या गटाने व्यायामास वेळही अधिक दिला होता, असा रास्त आक्षेप निघाला. म्हणून अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील प्रयोगात (२०१०) २६२ रुग्णांच्या व्यायामी गटांना जवळजवळ सारखाच वेळ नेमून दिला गेला. नऊ महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणा केवळ संयुक्त गटातच दिसली. स्थूल व रक्तदाब वाढलेल्या ४०६ व्यक्तींवरील वर्षभराच्या प्रयोगात (२०२४) हृद्‌रोगाचा एकत्रित धोका ऑक्सिजीवी व संयुक्त गटांत सारखाच घटला, केवळ रोध व्यायाम करणाऱ्यांत घटला नाही. म्हणजे चालणे सोडून नुसती वजने उचलण्याने भागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस ऑक्सिजीवी व्यायाम करावा व निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांना रोध व्यायाम द्यावा. तुर्भे स्थानकापासून कार्यालयापर्यंत रिक्षाऐवजी पंधरा मिनिटे भरभर चालत जाणारा व तसाच परतणारा नोकरदार पाच दिवसांत १५० मिनिटे पुरी करतो. रोध व्यायामासाठी उपकरणे अपरिहार्य नाहीत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेले सूर्यनमस्कार वेगाने घातल्यास दमसास वाढतो व हात, खांदे आणि पाय यांना रोधही मिळतो. त्यांत ओढण्याची क्रिया मात्र नसते. म्हणून पाठीसाठी दोर ओढणे किंवा भरलेली बादली कमरेतून वाकून वर खेचणे यांसारखी जोड द्यावी.

माथाड्याचे ओझे वाहणे हा या व्यायामाचा पर्याय नव्हे. तेथे भार व विश्रांती माणसाच्या कुवतीनुसार ठरत नाहीत, त्यामुळे कंबर व गुडघे झिजण्याची शक्यता असते. उलट, सकाळी व्यायाम करून दिवसभर बसून राहिल्यास लाभ काही अंशी कमी होतो. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालल्यास जेवणोत्तर रक्तशर्करा कमी राहते, असे २०१२ मधील एका प्रयोगात दिसले आहे. वजन उचलताना श्वास रोखू नये, कारण त्यामुळे रक्तदाब एकदम चढतो. चाळिशी उलटलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा छातीत दुखण्याची तक्रार असणाऱ्या व्यक्तींनी जोरकस व्यायामास आरंभ करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी व पहिले काही आठवडे भार हलकाच ठेवावा.